आखाजीची दुपार आणि चार रिमोट

व्हिडिओ गेमच्या बाबतीत मी जाणकार नाही, हे आधीच सांगून टाकते. वर्षातले फार तर पंधरा-वीस दिवस माझ्या हातात रिमोट येतो आणि तोही घरात पाहुणे जमले असतील, मुले कंटाळली असतील आणि उन्हामुळे बाहेर पाय ठेवण्याची सोय नसेल तेव्हाच. (कंट्रोलरला आमच्या घरात पहिल्यापासून रिमोटच म्हणतात आणि इथेही तोच शब्द वापरते.) अशा खेळाडूने लिहिलेले परीक्षण सहसा वाचायला मिळत नाही. जी मिळतात ती रोज रात्री तीन-तीन तास खेळणाऱ्यांनी आपल्यासारख्याच वाचकांसाठी लिहिलेली असतात. त्यांत चित्रांचा दर्जा, कथानकाची लांबी, ऑनलाइन स्पर्धेतली चुरस यांना गुण दिलेले असतात. मात्र सात वर्षांची भाची आणि एकाहत्तर वर्षांची आजी एकाच सतरंजीवर बसून तो खेळ खेळू शकतील का, याविषयी त्यांत अवाक्षर नसते. मला नेमके तेवढेच जाणून घ्यायचे असते.

यंदाच्या आखाजीला (खान्देशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात) मी नेहमीप्रमाणे जळगावहून अमळनेरला माहेरी गेले. सकाळी घागरी भरून झाल्या, दुपारी खापरावरची पुरणपोळी आणि आमरस झाला आणि त्यानंतर पारा चव्वेचाळीसच्या वर असताना करायचे काय, हा प्रश्न दरवर्षीसारखाच उभा राहिला. झोका संध्याकाळशिवाय बांधता येत नाही, कारण दुपारी त्याची साखळी हातात धरवत नाही. पुण्यात नोकरी करणाऱ्या धाकट्या भावाने सोबत निन्टेन्डो स्विच हे खेळाचे यंत्र आणले होते, मोठ्या भावाच्या मुलाकडे प्लेस्टेशन ५ हे दुसरे यंत्र आधीपासून होते आणि मोबाइल तर प्रत्येकाच्या हातात होताच. चार दिवस, दुपारी बारा ते पाच, कूलरसमोरच्या खोलीत नऊ माणसांनी जे खेळले, त्याचेच हे परीक्षण आहे.

याच खोलीत १९९०च्या दशकात आमचा पहिला टीव्ही गेम आला होता. तो मूळ जपानी यंत्राची स्वस्त नक्कल होता आणि त्याच्या कॅसेटवर '९९९९ इन १' असे छापलेले असले, तरी आतले वेगळे खेळ पंधरा-वीसच होते, बाकी सगळे नावे बदलून तेच ते. दोघे भाऊ मारियो आणि कॉन्ट्रा खेळत आणि माझा नंबर यायच्या सुमाराला आई भाकऱ्या थापायला हाक मारी. माझ्या वाट्याला आली ती बंदूक. 'डक हंट' या १९८४ सालच्या खेळात बदके मारण्यासाठी प्लॅस्टिकची बंदूक टीव्हीवर रोखावी लागते. तिच्यातून काहीच सुटत नाही. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीच्या नळीत बसवलेला प्रकाश ओळखणारा डोळा तो उजेड टिपून नेम लागला की नाही ते ठरवतो. जुन्या काचेच्या ट्यूबचा टीव्ही ज्या गतीने चित्र आखत असे, ती गती या सगळ्यात गृहीत धरलेली असल्यामुळे ही बंदूक आजच्या सपाट टीव्हीवर चालत नाही. मोठ्या भावाने माळ्यावरून ती काढून जोडून पाहिलीच. बदके उडून गेली आणि खेळातला कुत्रा तोंडावर पंजा ठेवून आम्हाला हसत राहिला.

त्या बंदुकीची आठवण इथे उगाच काढलेली नाही. तिने माझ्याकडून एकच गोष्ट मागितली होती, ती म्हणजे नेम; धावणे, उड्या मारणे, कोणते बटण कधी दाबायचे ते लक्षात ठेवणे यांतले काहीही मला करावे लागत नव्हते आणि म्हणूनच वर्षातून चार वेळा हाती येऊनही मी तिच्यात भावांना हरवत असे. घरातल्या सगळ्यांसाठी असलेला खेळ मी आजही याच मापाने मोजते. खेळातली कोणती कामे यंत्र स्वतः करते आणि कोणते काम माणसाच्या हाती ठेवते, हे पाहावे. हाती ठेवलेले काम त्या खेळातले सर्वांत गोड काम असेल, तर तो खेळ घरात टिकतो.

या मापाला 'निन्टेन्डो स्विच स्पोर्ट्स' जवळजवळ पूर्ण उतरतो. हा खेळ २९ एप्रिल २०२२ रोजी बाजारात आला, तेव्हा त्यात टेनिस, बॅडमिंटन, व्हॉलीबॉल, बोलिंग, फुटबॉल आणि चांबारा नावाची तलवारबाजी असे सहा खेळ होते. पुढे गोल्फ आणि बास्केटबॉल यांची मोफत भर पडली. त्याचे मूळ २००६ सालच्या 'वी स्पोर्ट्स'मध्ये आहे. जपान वगळता बहुतेक देशांत तो खेळ वी या यंत्रासोबतच मिळत असल्याने त्याच्या ८ कोटींहून अधिक प्रती घरोघरी गेल्या आणि ज्यांनी आयुष्यात कधी रिमोट धरला नव्हता अशी माणसे त्यामुळे टीव्हीसमोर उभी राहिली. कल्पना आजही तीच आहे. हातात मावणाऱ्या छोट्या रिमोटमध्ये हाताची हालचाल आणि मनगटाचा कल ओळखणारी यंत्रणा असते आणि हात फिरवला की पडद्यावरची रॅकेट फिरते. टेनिस आणि बॅडमिंटनमध्ये चेंडूमागे किंवा फुलामागे धावण्याचे काम खेळ स्वतः करतो. आपण फक्त वेळेवर फटका मारायचा. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी याहून सोयीचे टेनिस नाही.

आईला आम्ही बोलिंगला बसवले. खुर्चीत बसून, पदर खोचून, रिमोटची दोरी मनगटात घट्ट आवळून तिने पहिला चेंडू टाकला, तो सरळ बाजूच्या नाळीत गेला. एका बटणाचे काम सोडले, तर या खेळात सगळा मामला हाताच्या झोक्याचा आहे आणि सुटता सुटता मनगट जरा वळले की चेंडू पडद्यावरही वळतो. दुसरा चेंडूही नाळीत गेला. तिसऱ्या वेळी तिने भाचीला बाजूला सरकायला सांगितले, डोळे बारीक केले आणि दहाच्या दहा बाटल्या आडव्या केल्या. "हाई ते लगोरीच शे ना व!" असे म्हणून तिने रिमोट पुढच्याला द्यायला साफ नकार दिला. तिची लगोरीची उपमा बरोबर होती. रचलेले पाडायचे हे सात वर्षांच्या आणि एकाहत्तर वर्षांच्या माणसाला एकाच क्षणी कळते, नियम सांगावे लागत नाहीत आणि आपली पाळी येईपर्यंत दुसऱ्याचा चेंडू बघण्यातही मजा असते. मधूनच वाटेत सरकणारे अडथळे आणणारा एक प्रकार त्यात आहे, तो मुलांना अधिक आवडला.

बाकीच्या खेळांत मात्र डावे-उजवे बरेच आहे. बॅडमिंटन उत्तम, कारण समोरासमोर दोघेच असतात आणि फसवा हलका फटका मारता येतो. चांबारात समोरच्याने धरलेल्या तलवारीला आडवा छेद देणारा वार केला तर तो अडतो, म्हणून वाराची दिशा बदलत राहून त्याला ढकलत ढकलत चौथऱ्यावरून पाण्यात पाडायचे असते. मुलांना यापेक्षा अधिक काही नको होते. व्हॉलीबॉलमध्ये चेंडू उचलणे, वर देणे, हाणणे हा क्रम पाळावा लागतो आणि तो समजेपर्यंत मोठी माणसे उठून चहा टाकायला जातात. फुटबॉलमध्ये खेळाने आपले तत्त्वच सोडले आहे. तिथे मैदानभर धावण्याचे काम खेळाडूकडे दिल्यामुळे अंगठ्याने रिमोटवरची छोटी दांडी (स्टिक) हलवण्याची सवय नसलेला माणूस कोपऱ्यात गोल गोल फिरत राहतो. त्याच फुटबॉलमध्ये मांडीला पट्टा बांधून त्यात रिमोट खोचायचा आणि खऱ्या पायाने हवेत लाथ मारून गोल करायचा, असा लहानसा प्रकार आहे. तो मात्र झकास जमला आहे, कारण तिथे पुन्हा एकच काम उरते. गोल झाला की पुढच्या वेळी गोलपोस्ट अरुंद होतो, त्यामुळे पुढे गेलेल्याला आपोआप कठीण जाते. गोल्फकडे आमच्या घरात कुणी वळून पाहिले नाही.

तक्रार एवढीच की घरच्या घरी स्पर्धा भरवायची सोय खेळात नाही. नऊ जणांची बाद फेरी आम्ही शाळेच्या वहीत आखली आणि त्यावर दोन भांडणेही झाली. दुसरी गोष्ट दोरीची. २००६ साली वीचे रिमोट हातातून निसटून टीव्हीवर आदळू लागले, तेव्हा कंपनीला त्या वर्षी डिसेंबरात पातळ दोऱ्यांच्या जागी जाड दोऱ्या बदलून द्याव्या लागल्या होत्या. दोरी मनगटात घालणे ही मुलांना सांगायची पहिली शिस्त आहे आणि दुसरी म्हणजे मागे माणूस उभा नाही ना ते पाहणे. आमच्या घरी टीव्ही वाचला, पण पाण्याने भरलेला पितळी तांब्या गेला.

पहिल्या दिवशी टेनिसमध्ये सगळ्यांचेच फटके उशिरा पडत होते. पाव्हण्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, रिमोट खराब असल्याचा निकाल देऊन टाकला. भाच्याने टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन 'गेम मोड' चालू केला आणि दोष नाहीसा झाला. आजकालचे टीव्ही चित्र अधिक सुबक दिसावे म्हणून प्रत्येक चौकटीवर (फ्रेमवर) काही प्रक्रिया करून मगच ती दाखवतात. चित्रपट पाहताना हा विलंब जाणवत नाही, पण खेळात आपण हात फिरवल्यावर तो पडद्यावर दिसेपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो. गेम मोडमध्ये ती प्रक्रिया जवळजवळ बंद होते. आपल्याला हा खेळ जमत नाही असे वाटून रिमोट खाली ठेवणाऱ्या कितीतरी मोठ्या माणसांचा खरा शत्रू हा सेटिंगमधला एक पर्याय असणार, अशी माझी खात्री झाली आहे.

'मारियो कार्ट ८ डिलक्स' हा २०१७ सालचा शर्यतीचा खेळ, २०१४ साली दुसऱ्या यंत्रावर आलेल्या खेळाची वाढवलेली आवृत्ती. शर्यतीचे खेळ लहान मुलांना आवडतात आणि लहान मुलेच त्यांत सर्वांत जास्त रडतात, कारण वळणावर गाडी दरीत जाते आणि बाकीचे पुढे निघून जातात. या खेळाने त्यावर केलेला उपाय मला फार आवडला. एक पर्याय चालू केला की गाडी रस्ता सोडतच नाही आणि दुसरा चालू केला की ती आपोआप पळते. तेव्हा सात वर्षांच्या भाचीकडे काम उरते ते फक्त डावे-उजवे वळण्याचे आणि समोरच्याला कासवाचे कवच फेकून मारण्याचे. ज्याला ही मदत आहे त्याच्या गाडीच्या मागे लहानशी अँटेना दिसते, म्हणजे मदत लपवलेलीही नाही. त्याची किंमतही खेळ वसूल करतो, कारण अशा गाडीला काही जवळच्या वाटा घेता येत नाहीत आणि घसरत वळण घेऊन मिळणारा सर्वांत मोठा वेगही मिळत नाही. त्यामुळे जो शिकतो तो आपणहून मदत बंद करतो. आमच्या चौदा वर्षांच्या भाच्याची मदत बंद होती, भाचीची चालू होती आणि दोघांची चाके एकाच रस्त्यावर होती.

शर्यतीत मागे पडलेल्याला अधिक जोरदार शस्त्रे मिळतात आणि सर्वांत पुढे असलेल्याला बहुधा नाणे किंवा केळीची साल. निळे कवच तर फक्त पहिल्याला शोधत जाते. खऱ्या खेळाडूंना हा अन्याय वाटतो, हे मी वाचले आहे. आखाजीच्या दुपारी हाच न्याय आहे. केळीच्या सालीबद्दल मात्र वेगळे सांगायला हवे. आमचे पाव्हणे मूळचे रावेरचे, घरात केळीच्या बागा, आणि जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाल्याचे ते ओळख नसलेल्यालाही सांगतात. त्यांची गाडी तिसऱ्या फेरीत सालीवरून घसरून शेवटच्या नंबरावर गेली, तेव्हा घरात जो हशा उठला तो कोणत्याही परीक्षणातल्या गुणांत मोजता येणार नाही. एकाच टीव्हीवर पडद्याचे चार भाग करून चौघे खेळू शकतात; तिघे-चौघे असले की चित्राची सफाई जरा कमी होते, कारण सेकंदाला साठऐवजी तीस चौकटी दिसतात, पण आमच्यापैकी ते फक्त भाच्याच्या लक्षात आले.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला वीज गेली. टीव्ही गेला, कूलर गेला, प्लेस्टेशन तर गेलाच. धाकट्या भावाने स्विच त्याच्या खोबणीतून उचलला, मागची टेकू उघडून पाटावर उभा केला आणि शर्यत पुढे चालू झाली. सहा इंचांच्या जरा वरच्या त्या पडद्याचे चार भाग केल्यावर प्रत्येकाला काडेपेटीएवढे चित्र मिळते, त्यामुळे चार डोकी एकमेकांना चिकटतात आणि घामाने सगळ्यांचेच हाल होतात. तरीही दीड तास कुणी उठले नाही. भारनियमनाच्या गावात यंत्र घेताना हा गुण इतर सगळ्या गुणांच्या आधी मोजावा, असे माझे मत आहे.

आता क्रिकेट. हे प्रकरण मला जड जाते, कारण घरातल्या सगळ्यांना हवा असलेला खेळ हाच होता आणि सगळ्यांची निराशाही यानेच केली. प्लेस्टेशनवर भाच्याने 'क्रिकेट २४' लावला. मेलबर्नच्या बिग अँट स्टुडिओजने तयार केलेला हा खेळ ऑक्टोबर २०२३मध्ये आला. मैदाने सुंदर आहेत, प्रकाश पाहत राहावा असा आहे आणि पुरुषांबरोबर महिलांचे संघही त्यात पूर्ण मानाने आहेत. माझ्या तेरा वर्षांच्या मुलीने ऑस्ट्रेलियाच्या महिला संघाशिवाय दुसरा संघ चार दिवसांत घेतला नाही. मोठा भाऊ तरुणपणी प्रताप महाविद्यालयाच्या मैदानावर सलामीला खेळायचा. त्याला आग्रहाने रिमोट दिला. तो पहिल्या तीन चेंडूंवर तीनदा बाद झाला, चौथ्या वेळी पायचीत झाल्यावर पंच आंधळा आहे असे म्हणाला आणि पेपर उघडून बसला.

त्याचे काय चुकले, ते नीट पाहण्यासारखे आहे. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू हातातून सुटल्यापासून फलंदाजापर्यंत यायला साधारण अर्धा सेकंद लागतो. या अर्ध्या सेकंदात खऱ्या मैदानावर भावाचे पाय आपोआप हलतात; ते त्याने वीस वर्षांत कमावले आहे. रिमोटवर मात्र डाव्या अंगठ्याने पाय पुढे की मागे ते सांगायचे, उजव्या अंगठ्याने फटक्याची दिशा द्यायची, उंच मारायचा असेल तर आणखी एक बटण धरायचे आणि हे सगळे टीव्हीने केलेला विलंब वजा जाता उरलेल्या वेळात करायचे. म्हणजे जे काम त्याला उत्तम येते ते इथे लागत नाही आणि जे लागते ते त्याने कधी केलेले नाही. सोपी बटणपद्धत त्यात आहे, सरावाची जाळीही आहे. पण जाळीत अर्धा तास घालवणे हे आखाजीच्या पाहुण्याचे काम नव्हे. रोज खेळणाऱ्याला हा खेळ खोल वाटत असेल, आणि भाच्याची फलंदाजी पाहून मला ते पटलेही. घरच्या पंगतीला मात्र तो वाढता येत नाही.

याउलट २००६च्या नोव्हेंबरात आलेला 'क्रिकेट ०७' भाच्याच्या जुन्या लॅपटॉपवर धाकट्या भावाने सुरू केला, तेव्हा पेपर खाली आला. ज्यांनी धुळ्या-जळगावच्या सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून हा खेळ खेळला आहे, त्यांना समालोचक रिची बेनॉ यांचा तो संथ आवाज विसरता येणार नाही. चित्रे आता बाहुल्यांसारखी दिसतात, भारतीय खेळाडूंची नावे परवान्याअभावी मोडूनतोडून लिहिलेली आहेत आणि एक फटका सापडला की षटकात सहा षटकार मारता येतात, हा दोष तर जगजाहीर आहे. तरीही तो दोन दुपारी चालला, कारण कीबोर्डावरची बाणाची दिशा आणि एक कळ एवढ्यात फटका बसतो आणि बसला की आवाज छान येतो. त्यानंतर तो बनवणाऱ्या ईए स्पोर्ट्सने संगणकासाठी क्रिकेटचा खेळ काढलाच नाही. जवळपास वीस वर्षांच्या या म्हाताऱ्या खेळाला अजून प्रतिस्पर्धी सापडू नये, ही क्रिकेटवेड्या देशाची विचित्र गरिबी आहे.

मला हवा आहे तो क्रिकेटचा खेळ कुणी बनवतच नाही. पायांचे काम यंत्राने करावे, रिमोट बॅटसारखा दोन्ही हातांत धरता यावा आणि आईने खुर्चीत बसून चेंडू लेग साइडला भिरकावावा. स्विच स्पोर्ट्समधल्या आठ खेळांत जपानी तलवारबाजी आहे, पण क्रिकेट नाही. निन्टेन्डोची यंत्रे आपल्याकडे कंपनीच्या अधिकृत मार्गाने येत नाहीत, ती बाहेरून आणलेली विकली जातात. त्यामुळे आपल्या आवडीचा विचार तिथे होत नसावा. मोबाइलवर चेन्नईच्या नेक्स्टवेव्हचा 'वर्ल्ड क्रिकेट चॅम्पियनशिप' आणि 'रिअल क्रिकेट' हे आपल्याकडे बनलेले खेळ आहेत आणि बोटाने ओढून फटका मारण्याची त्यांची रीत खरोखर सोपी आहे. माझा मुलगा एसटीत तेच खेळतो. पण मोबाइल एका माणसाचा असतो, बाकीच्यांनी त्याच्या खांद्यावरून पाहायचे, आणि डावाच्या मध्येच जाहिरात आली की पाहणाराही उठून जातो.

फुटबॉलचा 'ईए स्पोर्ट्स एफसी २४' हा खेळ पूर्वी फिफा या नावाने येत असे. करार संपल्यावर २०२३पासून नाव बदलले. पास देणे, पुढे पळणे, मारणे एवढ्यावर दोन मुले तासभर रमतात आणि एकाच संघात दोघे खेळता येत असल्याने भांडण कमी होते. पालक म्हणून मला इथे वेगळी गोष्ट सांगायची आहे. युरोपातल्या पेगी या मानांकनात हा खेळ तीन वर्षांवरील सर्वांना योग्य ठरला आहे आणि हिंसा वा शिवीगाळ यांपुरते ते खरेही आहे. पण त्यातल्या 'अल्टिमेट टीम' या भागात खरे पैसे देऊन बंद पाकिटे घेता येतात आणि आत कोणता खेळाडू निघेल ते नशिबावर असते. बेल्जियमने २०१८ साली असल्या पाकिटांना जुगार ठरवले आणि तिथे कंपनीला त्यासाठीच्या पॉइंटांची विक्री थांबवावी लागली. पेगीनेही २०२०पासून अशा खेळांच्या वेष्टनावर तशी सूचना छापायला सुरुवात केली. तेव्हा वेष्टनावरचा तीनचा आकडा पाहून थांबू नये, खाली बारीक अक्षरांत काय आहे ते वाचावे आणि मुलांच्या खात्याला कार्ड जोडू नये. ओट्यावर पुरुषमंडळी आखाजीचे पत्ते पैसे लावून खेळत असताना मी आत भाच्याला हे समजावत होते, हे त्याच्याही लक्षात आले.

'ओव्हरकुक्ड २' या २०१८ सालच्या खेळात चौघांनी मिळून हॉटेलचे स्वयंपाकघर चालवायचे असते. भाजी चिरायची, शिजवायची, ताटली धुवायची आणि वेळेत बाहेर द्यायची. आरडाओरडा भरपूर होतो आणि जिंकतात किंवा हरतात सगळे मिळूनच. वहिनींनी दोन मिनिटे पाहिले, "सकाळपासून हेच करतेय मी, आता टीव्हीतही करू?" असे विचारले आणि त्या आत निघून गेल्या. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. 'लुडो किंग' नवी मुंबईच्या गेमटियनने २०१६ साली आणला आणि टाळेबंदीत तो घरोघर पोचला. एकच मोबाइल फिरवत चौघे खेळता येतात, तरी आईच्या मते फासा आपल्या हातातून पडला नाही तर तो फासाच नव्हे. बिब्ब्याच्या काळ्या ठिपक्यांचा जुना फासा कपाटात होता, तो बाहेर आला आणि मोबाइल बाजूला पडला.

खर्चाचे बोलायचे, तर प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी ४९,९९० रुपयांना आला आणि पुढे महाग झाला. एवढी रक्कम फक्त सणासुदीच्या खेळासाठी घालू नये. घरात रोज खेळणारा मुलगा असेल आणि तो क्रिकेट किंवा फुटबॉल मन लावून शिकणार असेल, तर गोष्ट वेगळी. वर्षातून पंधरा दिवस खेळणाऱ्यांनी स्विच, त्यावर स्विच स्पोर्ट्स आणि मारियो कार्ट हे दोन खेळ आणि रिमोटची एक जादा जोडी घ्यावी. यंत्रासोबत एकच जोडी येते आणि तिचे दोन तुकडे दोघांपुरतेच पुरतात. जुने यंत्र घ्यायलाही हरकत नाही, मात्र बाहेरून आलेल्या मालाला इथे हमी मिळेलच असे नसते, म्हणून पैसे देण्यापूर्वी दुकानातच ते चालू करून पाहावे. या रिमोटच्या स्टिक वापराने सैल होऊन आपोआप एका बाजूला सरकू लागतात, हा त्यांचा सर्वांना ठाऊक असलेला आजार आहे. सेटिंगमधल्या कंट्रोलरच्या विभागात स्टिक जुळवून घेण्याचा पर्याय असतो. तो उघडून स्टिकला हात न लावता पडद्यावरच्या खुणेकडे पाहावे. खूण मध्यभागी स्थिर राहत असेल तर यंत्र घ्यावे, आणि ती आपोआप चालू लागली तर दुकानदार कितीही गळ घालो, त्या जोडीचे पैसे कमी करून घेतल्याशिवाय उठू नये.